ओएलईडीसाठी उत्सर्जक रेणूची आखणी: कागदावरच्या संरचनेपासून चालत्या उपकरणापर्यंत

ओएलईडी, म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या प्रकाश देणाऱ्या डायोडच्या, पडद्यावर दिसणारा रंग अतिशय पातळ सेंद्रिय थरात तयार होतो. त्या थरातला उत्सर्जक रेणू कसा आखला आहे, यावर उपकरणाची कार्यक्षमता, रंगाची शुद्धता आणि आयुष्य या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. हा लेख सेंद्रिय रसायनशास्त्राची जाण असलेल्या, पण उत्सर्जकांच्या क्षेत्रात नव्याने काम सुरू करणाऱ्या संशोधकांसाठी आहे. इरिडियम किंवा प्लॅटिनमसारखे जड धातू न वापरता सर्व एक्सिटॉन (विद्युतप्रवाहाने रेणूत तयार होणाऱ्या उत्तेजित अवस्था) कामी लावणारे रेणू, म्हणजे औष्णिक ऊर्जेने सक्रिय होणारा विलंबित फ्लुओरेसन्स देणारे टीएडीएफ रेणू, हा त्याचा मुख्य विषय आहे.

एक मत सुरुवातीलाच नोंदवतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याला धरून आहेत. या क्षेत्रात नव्याने येणारा संशोधक बहुतेक वेळा एकाच आकड्यामागे धावतो, आणि तो आकडा असतो सिंगलेट (विरुद्ध स्पिनच्या) व ट्रिपलेट (समांतर स्पिनच्या) उत्तेजित अवस्थांमधले ऊर्जेचे अंतर. हे अंतर लहान हवे यात शंका नाही. पण ते लहान करण्यासाठी जी किंमत मोजावी लागते ती प्रकाश देण्याच्या क्षमतेतून वसूल होते, म्हणून कुठे थांबायचे हे आखणीच्या आधीच ठरवले पाहिजे.

हिशोब कुठून सुरू होतो

उपकरणाची बाह्य क्वांटम कार्यक्षमता हा चार घटकांचा गुणाकार आहे: इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेच्या रूपाने वाहणारा धन विद्युतभार) यांचा समतोल, प्रकाश देऊ शकणाऱ्या एक्सिटॉनचे प्रमाण, त्या एक्सिटॉनपैकी खरोखर फोटॉन देणाऱ्यांचे प्रमाण, आणि तयार झालेल्या प्रकाशापैकी उपकरणाबाहेर पडणारा वाटा. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ॲल्युमिनियम क्विनोलिनेटचा थर वापरून दहा व्होल्टपेक्षा कमी विद्युतदाबावर चालणारे दोन थरांचे उपकरण तयार केले, तेव्हा ही कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. तिला वरची मर्यादा होती ती स्पिनच्या सांख्यिकीची. विद्युतप्रवाहाने तयार होणाऱ्या एक्सिटॉनपैकी फक्त २५ टक्के सिंगलेट असतात आणि उरलेले ७५ टक्के ट्रिपलेट. साध्या सेंद्रिय रेणूत ट्रिपलेट अवस्थेतून प्रकाश बाहेर पडण्यास स्पिनच्या नियमाने मज्जाव असल्यामुळे तो तीन चतुर्थांश वाटा उष्णतेत जातो.

आकड्यांत हे असे दिसते. विद्युतभारांचा समतोल परिपूर्ण आहे, रेणूचे प्रकाश-उत्पादन (वरचा तिसरा घटक) ९० टक्के आहे आणि प्रकाशाचा २० टक्के भाग बाहेर पडतो असे धरले, तर साध्या फ्लुओरेसन्स रेणूची कमाल कार्यक्षमता ०.२५ × ०.९ × ०.२, म्हणजे ४.५ टक्के येते. सर्व एक्सिटॉन वापरता आले तर तोच आकडा १८ टक्क्यांवर जातो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्लॅटिनम आणि इरिडियमच्या संकुलांनी ट्रिपलेटमधूनच प्रकाश मिळवून हा अडसर दूर केला. २०१२ मध्ये क्यूशू विद्यापीठातील चिहाया अदाची यांच्या गटाने जड धातूशिवाय तेच साधणारा मार्ग दाखवला: ट्रिपलेट एक्सिटॉनला खोलीच्या तापमानातल्या उष्णतेच्या बळावर पुन्हा सिंगलेट अवस्थेत चढवायचे आणि तिथून प्रकाश घ्यायचा.

पहिली पायरी: रंग ठरवा आणि त्याचे ऊर्जेत रूपांतर करा

संरचना रेखाटण्याआधी हव्या असलेल्या रंगाची तरंगलांबी ठरवावी. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ४६० नॅनोमीटरच्या निळ्यासाठी ती सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ५२० च्या हिरव्यासाठी २.४ आणि ६२० च्या लालसाठी अगदी २.० येते. केवळ शिखराची तरंगलांबी पुरत नाही, कारण वर्णपटाची रुंदीही रंग ठरवते. बीटी.२०२० या पडद्यांच्या रंगमानकातल्या निळ्याचे सहनिर्देशक ०.१३१ आणि ०.०४६ आहेत, आणि अर्ध्या उंचीवर ७० ते १०० नॅनोमीटर रुंद असलेला वर्णपट कितीही डावीकडे सरकवला तरी तिथे पोहोचत नाही. म्हणूनच शुद्ध निळा हवा असेल तर रेणूचा वर्ग याच पायरीवर निवडावा लागतो, हे पुढे स्पष्ट होईल.

दुसरी पायरी: दाता, ग्राही आणि त्यांच्यामधला कोन

सिंगलेट आणि ट्रिपलेट यांच्यातले अंतर होमो (सर्वात वरचे भरलेले) आणि लुमो (सर्वात खालचे रिकामे) या ऑर्बिटलमधल्या विनिमय ऊर्जेमुळे पडते, आणि ही ऊर्जा दोन्ही ऑर्बिटल जागेत किती एकमेकांवर येतात यावर ठरते. होमो दाता गटावर आणि लुमो ग्राही गटावर बसवून त्या दोघांना वेगळे केले की अंतर घटते. दाता म्हणून कार्बाझोल, डायमिथिल अॅक्रिडीन, फिनॉक्साझिन ही नेहमीची निवड आहे. ग्राही म्हणून बेंझोनायट्राइल, ट्रायफिनिल ट्रायझिन, डायफिनिल सल्फोन किंवा बोरॉनचे गट वापरले जातात. दाता जितका सशक्त तितका होमो वर सरकतो आणि ग्राही जितका सशक्त तितका लुमो खाली येतो, म्हणजे रंग लालकडे झुकतो. यामुळे निळ्यासाठी कार्बाझोलसारखा सौम्य दाता आणि केशरी-लालसाठी फिनॉक्साझिनसारखा जोरकस दाता घेतला जातो.

अदाची यांच्या गटाच्या ४सीझेडआयपीएन या रेणूकडे जरा जवळून पाहू, कारण आखणीतले जवळपास सर्व धडे त्यात एकत्र सापडतात. बेंझिनच्या एकाच वलयावर दोन सायनो गट आहेत आणि उरलेल्या चारही जागांवर कार्बाझोल जोडलेले आहेत. शेजारी-शेजारी बसलेल्या कार्बाझोलना एकमेकांची अडचण होते, त्यामुळे ते मधल्या वलयाच्या प्रतलापासून सुमारे ६० अंशांनी वळतात. या वळणाने होमो आणि लुमो वेगळे होतात आणि अंतर सुमारे ०.०८ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येते. तरीही कोन ९० अंश नसल्यामुळे दोन्ही ऑर्बिटलचा थोडा संपर्क राहतो, आणि तेवढ्याच संपर्कामुळे रेणू जोरकस हिरवा प्रकाश देतो. टोल्युईनमध्ये त्याचे प्रकाश-उत्पादन ९० टक्क्यांच्या वर मोजले गेले. अवजड गटांच्या गर्दीमुळे रेणू फारसा हलू शकत नाही आणि ऊर्जा कंपनांत वाया जाणे कमी होते, हा त्याचा आणखी एक फायदा.

आता सुरुवातीला केलेल्या विधानाचा हिशोब मांडतो. खोलीच्या तापमानाला उपलब्ध औष्णिक ऊर्जा सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि ट्रिपलेटमधून सिंगलेटकडे परतण्याचा वेग अंतरानुसार घातांकी पद्धतीने घटतो. अंतर ०.३ वरून ०.१ वर आणले तर हा औष्णिक घटक दोन हजार पटींहून अधिक वाढतो. तेच अंतर ०.०५ वरून ०.०१ वर आणले तर वाढ पाच पटींपेक्षाही कमी असते. पहिल्या टप्प्यात कष्टाचे चीज होते, दुसऱ्यात मात्र ऑर्बिटल जवळजवळ पूर्ण तोडावे लागतात, ऑसिलेटर सामर्थ्य (प्रकाश शोषण्या-देण्याची तीव्रता) कोसळते आणि सिंगलेट अवस्थेतून प्रकाश बाहेर पडण्याचा वेगच मंदावतो. म्हणून साध्या दाता-ग्राही रेणूसाठी ०.०५ ते ०.१५ हा पट्टा लक्ष्य धरावा आणि उरलेली मेहनत ऑसिलेटर सामर्थ्य टिकवण्यात घालावी.

वेगाला आणखी एक बाजू आहे आणि ती बऱ्याचदा दुर्लक्षित राहते. स्पिन बदलण्यासाठी स्पिन-ऑर्बिट जोडणी, म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षीय गती यांच्यातला संबंध, लागते, आणि एल-सय्यद यांच्या नियमानुसार दोन्ही अवस्थांचे स्वरूप सारखे असेल तर ही जोडणी जवळजवळ शून्य होते. सिंगलेट आणि ट्रिपलेट दोन्ही निव्वळ विद्युतभार-स्थलांतराच्या स्वरूपाच्या असतील, तर अंतर नगण्य असूनही परतीचा प्रवास रखडतो. विद्युतभार-स्थलांतराच्या सिंगलेटजवळ, केवळ दात्यावर किंवा केवळ ग्राहीवर वसलेली अशी एक स्थानिक ट्रिपलेट अवस्था असेल, तर ती मधला दुवा बनते. त्यामुळे दाता निवडताना त्याच्या स्वतःच्या ट्रिपलेटची ऊर्जा आधी पाहावी आणि ती हव्या असलेल्या सिंगलेटच्या आसपास येते का, हे तपासावे.

निळ्यासाठी वेगळा मार्ग: बहु-अनुनाद रेणू

दाता-ग्राही रेणूंचा वर्णपट रुंद असतो, कारण उत्तेजित अवस्थेत त्यांची भूमिती बरीच बदलते. २०१६ मध्ये ताकुजी हाताकेयामा यांच्या गटाने या अडचणीवर एक सुंदर उपाय मांडला. बोरॉन आणि नायट्रोजन एकाच कडक, जोडवलयी सांगाड्यात अशा जागी बसवायचे की नायट्रोजनमुळे होमो काही अणूंवर आणि बोरॉनमुळे लुमो त्यांच्या लगतच्या अणूंवर एकाआड एक स्थिरावतो. ऑर्बिटल वेगळे होतात, पण लांब जात नाहीत. त्यामुळे अंतर लहान राहते, ऑसिलेटर सामर्थ्यही टिकते, आणि सांगाडा हलत नसल्याने वर्णपट अरुंद होतो. त्याच गटाने २०१९ मध्ये मांडलेल्या न्यू-डॅबना या रेणूच्या उपकरणाने ४६९ नॅनोमीटरवर, अर्ध्या उंचीवर फक्त १८ नॅनोमीटर रुंदीचा निळा प्रकाश आणि ३४.४ टक्के बाह्य कार्यक्षमता दिली. शुद्ध निळ्याचे लक्ष्य असेल तर माझा कल निःसंशय याच वर्गाकडे आहे.

या रेणूंच्या दोन उणिवा मात्र आखणीतच हाताळाव्या लागतात. पहिली म्हणजे परतीचा वेग बहुधा कमी असतो, कारण स्पिन-ऑर्बिट जोडणी क्षीण असते. त्यावर सांगाडा वाढवून ऑर्बिटल अधिक पसरवणे किंवा गंधक वा सेलेनियमसारखा जड अणू आत घेणे, हे उपाय आहेत. दुसरी म्हणजे सपाट रेणू एकमेकांवर रचले जातात आणि त्यामुळे वर्णपट रुंदावतो व प्रकाश घटतो. म्हणून परिघावर टर्शरी-ब्युटिल किंवा मेसिटिलसारखे गट लावावेत आणि होस्टमधले, म्हणजे उत्सर्जक ज्यात मिसळतात त्या पदार्थातले, प्रमाण १ टक्क्याच्या आसपास ठेवावे. हे प्रमाण साध्या दाता-ग्राही रेणूंसाठी सहसा ५ ते २० टक्के असते.

लाल रंगाबाबत एवढेच सांगतो की उत्तेजित आणि मूळ अवस्थेमधले ऊर्जेचे अंतर जितके कमी तितकी ती ऊर्जा कंपनांत विरण्याची शक्यता वाढते, म्हणून तिथे कडक सांगाड्याला पर्याय नाही.

तिसरी पायरी: संगणकावर छाननी

प्रयोगशाळेत काच हातात घेण्याआधी वीस-तीस संरचना संगणकावर तपासाव्यात. मूळ अवस्थेची भूमिती डीएफटी (इलेक्ट्रॉन-घनतेवर आधारलेली गणनपद्धत) वापरून, बी३एलवायपी किंवा पीबीई० या फंक्शनलने (त्या पद्धतीतल्या अंदाजसूत्राने) आणि मध्यम आकाराच्या बेसिस सेटने मिळवावी. उत्तेजित अवस्थांसाठी काल-अवलंबी डीएफटी वापरताना टॅम-डॅनकॉफ अंदाजन घ्यावे, म्हणजे ट्रिपलेटची ऊर्जा अवास्तव खाली येत नाही. फंक्शनलची निवड इथे निर्णायक ठरते. बी३एलवायपीमध्ये नेमक्या विनिमयाचा वाटा २० टक्के आणि पीबीई० मध्ये २५ टक्के असतो, त्यामुळे विद्युतभार दूर जाणाऱ्या अवस्थांची ऊर्जा प्रत्यक्षापेक्षा कमी येते. कॅम-बी३एलवायपीसारखे दूर-पल्ल्याची दुरुस्ती असलेले फंक्शनल उलट दिशेने चुकू शकतात, म्हणून त्यांचे पल्ला ठरवणारे मापदंड प्रत्येक रेणूसाठी जुळवून घेणे चांगले. बहु-अनुनाद रेणूंसाठी नेहमीची काल-अवलंबी डीएफटी सिंगलेट-ट्रिपलेट अंतर बरेच जास्त दाखवते. तिथे एससीएस-सीसी२ किंवा एडीसी(२) यांसारख्या, इलेक्ट्रॉनांच्या दुहेरी उत्तेजनाची दखल घेणाऱ्या पद्धती वापराव्यात.

कोणतीही पद्धत निवडली तरी आधी चार-पाच परिचित रेणूंवर ती चालवून मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहावी. गणनेतून आलेल्या निव्वळ आकड्यापेक्षा उमेदवारांमधला क्रम अधिक विश्वासार्ह असतो. प्रत्येक उमेदवारासाठी सिंगलेट व पहिल्या दोन-तीन ट्रिपलेट अवस्थांची ऊर्जा, ऑसिलेटर सामर्थ्य, स्पिन-ऑर्बिट जोडणी आणि उत्तेजित अवस्थेतली भूमिती नोंदवावी. मूळ आणि उत्तेजित भूमितीत मोठा फरक दिसला तर रुंद वर्णपट आणि प्रकाशाची गळती या दोन्हींची ती पूर्वसूचना समजावी.

याच पायरीवर बंधांची ताकद तपासणेही गरजेचे आहे. निळ्या एक्सिटॉनची २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा कमकुवत बंध तोडू शकते, आणि दोन एक्सिटॉन एकमेकांवर आदळले तर ऊर्जा दुप्पट होते. सल्फोनमधला कार्बन-गंधक आणि फॉस्फिन ऑक्साइडमधला कार्बन-फॉस्फरस बंध या बाबतीत नाजूक आहेत. रेणूवर जादा इलेक्ट्रॉन असताना हे बंध आणखी दुबळे होतात, म्हणून बंध-विच्छेदन ऊर्जा उदासीन रेणूबरोबरच ऋण आयनासाठीही काढावी. कार्यक्षमतेचा सुरेख आकडा देऊन काही तासांत मंदावणारा उत्सर्जक पडद्यासाठी निरुपयोगी असतो.

चौथी पायरी: संश्लेषण आणि शुद्धीकरण

संश्लेषण सोपे असेल अशीच आखणी करावी. ४सीझेडआयपीएन हा त्याचाही नमुना आहे: टेट्राफ्लुओरो-आयसोथॅलोनायट्राइल घ्यायचे, कोरड्या टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये सोडियम हायड्राइडने कार्बाझोलमधला प्रोटॉन काढायचा आणि फ्लोरिनच्या जागी कार्बाझोल बसवायचे. सर्व काही एका पायरीत, पॅलेडियमशिवाय होते. इतर सांगाड्यांसाठी बुखवाल्ड-हार्टविग आणि सुझुकी अभिक्रिया नेहमीच्याच आहेत. मात्र शेवटच्या पायरीत ब्रोमिनयुक्त मध्यस्थ संयुग वापरले असेल, तर त्याचा अंश मागे राहणार नाही याची काळजी घ्यावी, कारण हॅलोजनच्या अल्प अशुद्धीनेही उपकरणाचे आयुष्य घटते.

कॉलम आणि पुनर्स्फटिकीकरण झाल्यावर निर्वात नळीत, तापमानाच्या उतारावर संप्लवन करणे अपरिहार्य आहे. एनएमआरमध्ये शुद्ध दिसणारा नमुना उपकरणासाठी पुरेसा शुद्ध असतोच असे नाही. एचपीएलसीवर ९९.९ टक्क्यांहून अधिक शुद्धता हे किमान लक्ष्य ठेवावे. रेणू बाष्पीभवनाने थर म्हणून बसवायचा असेल तर रेणुभार फार वाढवू नये. हजाराच्या पुढे गेल्यावर बहुतेक रेणू बाष्प होण्याआधी विघटित होण्याचा धोका वाढतो. काच-संक्रमण तापमान १०० अंश सेल्सियसच्या बरेच वर असावे, नाहीतर उपकरण तापल्यावर थर स्फटिकरूप धरू लागतो.

पाचवी पायरी: प्रकाशाचे मोजमाप

पहिले मोजमाप विरळ टोल्युईन द्रावणात करावे, एकदा हवा असताना आणि एकदा नायट्रोजन किंवा आरगॉनने ऑक्सिजन घालवल्यावर. ऑक्सिजन ट्रिपलेट अवस्था शमवतो, त्यामुळे टीएडीएफ रेणूत हवा काढल्यावर प्रकाश स्पष्टपणे वाढला पाहिजे. तो वाढला नाही, तर विलंबित घटक नाही किंवा अत्यल्प आहे असे समजावे. त्यानंतर खऱ्या होस्टमध्ये मिसळलेल्या पातळ थरात तेच मोजमाप पुन्हा घ्यावे. विद्युतभार-स्थलांतराची अवस्था भोवतालच्या ध्रुवीयतेला संवेदनशील असते, म्हणून द्रावणातला रंग आणि थरातला रंग वेगळे निघणे अगदी स्वाभाविक आहे. ७७ केल्विनला घेतलेल्या फ्लुओरेसन्स आणि फॉस्फोरेसन्स वर्णपटांच्या सुरुवातीच्या कडांवरून सिंगलेट आणि ट्रिपलेटच्या ऊर्जा काढता येतात.

प्रकाश ओसरण्याच्या आलेखात दोन भाग दिसतात: नॅनोसेकंदांचा तत्काळ आणि मायक्रोसेकंदांचा विलंबित. समजा एकूण प्रकाश-उत्पादन जवळजवळ १०० टक्के आहे, त्यात तत्काळ वाटा २५ टक्के आहे आणि विलंबित भागाचा कालावधी ५ मायक्रोसेकंद आहे. मग विलंबित क्षयाचा वेग प्रति सेकंद २ लाख येतो, आणि त्याला तत्काळ वाट्याने, म्हणजे ०.२५ ने, भागल्यावर ट्रिपलेटमधून परतण्याचा वेग प्रति सेकंद सुमारे ८ लाख मिळतो. हे सूत्र एकूण उत्पादन परिपूर्ण असतानाच लागू पडते. ते ६०-७० टक्क्यांवर असेल तर प्रकाशाविना होणारी घट कोणत्या अवस्थेतून होते याचे गृहीतक मांडून पूर्ण समीकरणे सोडवावी लागतात.

सहावी पायरी: होस्ट, थर आणि उपकरणाचे निदान

होस्टची ट्रिपलेट ऊर्जा उत्सर्जकाच्या ट्रिपलेटपेक्षा वर असली पाहिजे, नाहीतर एक्सिटॉन होस्टकडे निसटतात. एमसीपी आणि सीबीपी हे कार्बाझोलचे दोन नेहमीचे होस्ट पाहा: निळ्यासाठी सुमारे २.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असलेला एमसीपी चालतो, पण सुमारे २.६ वर असलेला सीबीपी चालत नाही. हिरव्यासाठी मात्र सीबीपी पुरतो. होमो आणि लुमोच्या पातळ्या सायक्लिक व्होल्टॅमेट्रीने काढाव्यात आणि फेरोसीन हा संदर्भ धरावा.

रेणू थरात कसा पहुडतो याकडेही आखणीच्या वेळीच लक्ष द्यावे. उत्सर्जनाचे द्विध्रुव सर्व दिशांना सारखे विखुरलेले असतील तर थराला समांतर वाटा ६७ टक्के असतो. लांबट, काठीसारखे किंवा सपाट रेणू आडवे बसतात, हा वाटा वाढतो आणि बाहेर पडणारा प्रकाश २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून पुढे जाऊ शकतो. न्यू-डॅबनाच्या ३४.४ टक्क्यांमागे या आडव्या बैठकीचाही हात आहे.

अरुंद वर्णपट आणि जलद परतीचा वेग एकाच रेणूत मिळत नसेल तर कामाची वाटणी करता येते. अदाची यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलेल्या पद्धतीत टीएडीएफ रेणू ट्रिपलेटचे सिंगलेटमध्ये रूपांतर करतो आणि ती ऊर्जा फॉर्स्टर स्थलांतराने (द्विध्रुवांमधून, काहीशा अंतरावरूनही होणाऱ्या), १ टक्क्याच्या आसपास असलेल्या फ्लुओरेसन्स रेणूकडे सोपवतो. अंतिम उत्सर्जकाभोवती अवजड गट असावे लागतात, कारण दोन्ही रेणू अगदी जवळ आले तर ट्रिपलेट थेट डेक्स्टर स्थलांतराने (अगदी जवळच्या रेणूंमध्ये इलेक्ट्रॉनांच्या अदलाबदलीने) अंतिम उत्सर्जकाकडे जाऊन वाया जातो.

पहिली उपकरणे तयार झाल्यावर कमाल कार्यक्षमतेच्या आकड्यावर थांबू नये, आलेखाचा आकार वाचावा. अगदी कमी प्रवाहावरही कार्यक्षमता थरातल्या प्रकाश-उत्पादनावरून अपेक्षित असलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असेल, तर दोष बहुधा विद्युतभारांच्या समतोलात किंवा होस्टकडे होणाऱ्या गळतीत असतो, आणि रेणू न बदलता वाहक थर व होस्ट बदलून पाहावेत. वर्णपटात निळसर जादा शिखर दिसले तर होस्ट किंवा शेजारचा वाहक थर स्वतःच उजळत आहे. सुरुवातीची कार्यक्षमता उत्तम असून प्रवाह वाढताच ती झपाट्याने कोसळत असेल, तर ट्रिपलेट थरात फार काळ रेंगाळून एकमेकांना किंवा विद्युतभारांना भिडत आहेत. तेव्हा दुसऱ्या पायरीवर परतून परतीचा वेग वाढवणारी मधली ट्रिपलेट अवस्था किंवा जड अणू यांचा विचार करावा. रेणूची पुढची आवृत्ती या तीन निदानांपैकी नेमक्या कोणत्या निदानाला उत्तर देते, हे संश्लेषण हाती घेण्याआधी प्रयोगवहीत एका वाक्यात लिहून ठेवावे.